दहावीच्या पेपरात न विचारलेलं इंग्रजी

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इयरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी आपल्या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना सुटलेलं एक-दोन ठिकाणी भरून घेतलंय, बाकी सगळं तेच.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. मी मुलुंडला राहते. स्टेशनातून बाहेर पडून वर नजर टाकली की कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया असे बोर्ड दिसतात आणि त्यांच्याखाली मोठ्या अक्षरांत परीक्षांची नावं. त्यातली सगळ्यात ओळखीची म्हणजे आयईएलटीएस, आपल्या बोलण्यातली ‘आयल्ट्स’. तिची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे मेसेज मला बऱ्याचदा येतात. शब्द वेगवेगळे असतात, पण प्रश्न एकच. ‘ताई, ऐकण्या-वाचण्यात सात, साडेसात मिळतात. बोलण्यात आणि लिहिण्यात गाडी सहावर अडकते. आम्ही मराठी मीडियमचे, म्हणून असेल का?’

या प्रश्नामागे पैसे आहेत, व्हिसा आहे, आई-बाबांनी मोडलेली एफडी आहे. त्यामुळे ‘कॉन्फिडन्स ठेवा’ असं पोकळ उत्तर मी देणार नाही. माझं उत्तर इतिहासातून येतं. मीडियमवर खापर फोडण्याआधी आपल्याला आजवर जे पेपर दिले गेले, ते बघा. मराठी माणूस जवळजवळ दोनशे वर्षं इंग्रजी शिकतोय. पण त्याला जे विचारलं गेलं तेच त्याने घोटलं, आणि त्याला फार करून लिहायलाच सांगितलं गेलं. आता एक अनोळखी परीक्षक समोर बसतो आणि म्हणतो, बोला. तिथे जीभ अडखळते, यात नवल काय?

चला, सुरुवातीपासून बघू.

दोन रकान्यांचं वर्तमानपत्र

६ जानेवारी १८३२. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. पहिलं मराठी वृत्तपत्र म्हणून हा दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. पण त्याची एक गोष्ट शाळेत घाईघाईने सांगून टाकतात. ‘दर्पण’ नुसतं मराठी नव्हतं. पानावर दोन रकाने असायचे. एकात इंग्रजी, शेजारी मराठी.

हे डोळ्यांसमोर आणा. १८३२ साली मुंबईत विद्यापीठ नाही, मॅट्रिक नाही, क्लास नाहीत. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या तरुणासमोर पान उघडं आहे. इंग्रजी वाक्यावर अडलं की नजर शेजारच्या रकान्यात. अर्थ कळला की पुन्हा इंग्रजीकडे. आज तुम्ही सिरीज बघताना सबटायटल लावता ना? त्याचाच हा जुना भाऊ. आणि समोरचा मजकूर म्हणजे व्याकरणाचं उदाहरण नव्हे, तर त्या आठवड्यातली खरी बातमी.

‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडलं. पण दोन भाषा शेजारी ठेवून शिकायचं, ही कल्पना लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला ती लागणार आहे.

मॅट्रिक नावाचं दार

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. त्यात प्रवेश हवा तर एक परीक्षा द्यायची, तिचं नाव मॅट्रिक्युलेशन. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. शंभरावर मुलं बसली आणि पास झाली जेमतेम वीस-बावीस. त्या पास झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. झाले, ते म्हणजे रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

ही परीक्षा फक्त कॉलेजचं दार नव्हती. हळूहळू ती नोकरीचं, लग्नाचं, समाजात मान मिळण्याचं दार झाली. ‘मॅट्रिक पास’ ही ओळख झाली, आणि ‘मॅट्रिक नापास’ हीसुद्धा.

आता परीक्षेचं गणित बघा. एका इलाख्यातून शेकडो, पुढे हजारो मुलं बसणार. त्यांचं इंग्रजी तपासायचं कसं? लेखी उत्तरपत्रिका गोळा करता येतात, गठ्ठे बांधून परीक्षकांच्या घरी पाठवता येतात. बोलणं तपासायचं तर एकेकाला समोर बसवावं लागतं. त्यामुळे सगळं वजन कागदावर गेलं. व्याकरण, भाषांतर, उताऱ्याचा अर्थ, निबंध. आणि एकदा पेपर ठरला की वर्ग, मास्तर, पुस्तकं, घरची शिकवणी, सगळं त्याच पेपराकडे तोंड करून बसतं. हे तेव्हाही झालं, आजही होतं.

तर्खडकर आणि पहाटेचा दिवा

त्या पेपराच्या तयारीचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’. घरी विचारा, आजोबा-पणजोबांच्या पिढीत हे नाव कुणीतरी घेईलच. अनेकजण ती व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांची समजतात, कारण ते नाव मोठं. पण पाठमाला लिहिणारे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. पद्धत साधी. नियम द्यायचा, शब्द द्यायचे, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचं मराठी करायला लावायचं. सोप्याकडून कठीणाकडे, पायरीपायरीने.

ही पद्धत किती दूर नेऊ शकते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत हे कुटुंब राहत होतं. वडिलांनी मुलाकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. हॉवर्ड हे मुंबई इलाख्याचे शिक्षण संचालक होते, त्यांच्या नावाची ही पुस्तकं शाळांत चालायची. खोलीत गर्दी, म्हणून मुलाने लवकर झोपायचं, वडिलांनी जागं राहायचं आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवायचं. घर शांत असताना दिव्याच्या उजेडात अभ्यास. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही इतकी मोठी घटना होती की त्यासाठी सत्काराची सभा भरली. १९१२ मध्ये बी.ए. आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ.

इथे दोन गोष्टी पकडा. पहिली, घोटणं म्हणजे निव्वळ पोपटपंची नव्हे. भाषांतर करताना ‘इथे नेमका कोणता शब्द बसेल’ हा प्रश्न शंभर वेळा पडतो, आणि त्या प्रश्नाने भाषा पक्की होते. दुसरी, भाषांतर ही त्या घरातल्या तयारीची सुरुवात होती, शेवट नव्हे. पुढे त्यांनी प्रचंड वाचलं, लिहिलं, आणि आयुष्यभर इंग्रजीत वाद घातले. आपल्या शाळांनी यातली फक्त सुरुवात उचलली.

कल्याणच्या लेकीची पत्रं

आता मुलुंडहून गाडी पकडून कल्याणला जाऊ. कल्याणच्या पोस्टात नोकरीला असलेले गोपाळराव जोशी आणि त्यांची पत्नी आनंदीबाई. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल काही दिवसांतच दगावलं. गोपाळरावांचा स्वभाव विक्षिप्त आणि कडक. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण आनंदीबाईंचं इंग्रजी ज्याने घडलं, त्यातली एक मोठी गोष्ट म्हणजे पत्रं.

१८८० च्या सुमाराला अमेरिकेत, न्यू जर्सीमधल्या रोझेल गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांविषयी वाचलं आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. पुढची तीनेक वर्षं दोघींची पत्रं बोटीने जात-येत राहिली. चालीरीती, धर्म, तब्येत, घरातल्या गोष्टी, सगळ्यावर. विचार करा, एका पत्राचं उत्तर यायला किती आठवडे लागत असतील! पण समोर एक खरी बाई होती. तिला समजेल असं लिहायचं, तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, स्वतःचं म्हणणं पटवायचं. इथे मार्क देणारं कुणी नव्हतं. वाचणारं मात्र कुणीतरी होतं.

आणि मग २४ फेब्रुवारी १८८३. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, अठरा वर्षंही पूर्ण न झालेल्या आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि अमेरिकेला का जातेय, हे इंग्रजीत सांगितलं. एकटी का जाते, नवऱ्याला सोडून का जाते, डॉक्टरच का व्हायचं, असे लोकांचे प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाला उत्तर दिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ही स्पीकिंग टेस्टच होती, आणि समोर परीक्षक म्हणून भरलेलं सभागृह. त्याच वर्षी त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या.

त्यांना किंवा आंबेडकरांना इंग्रजीची वेगळी प्रमाणपत्र-परीक्षा द्यावी लागली नाही, कारण आजच्यासारखी परीक्षा तेव्हा नव्हतीच. आनंदीबाईंसाठी त्यांची पत्रं आणि अर्ज बोलले. आंबेडकरांसाठी मुंबई विद्यापीठाची पदवी बोलली.

आजोबा आठवी, बाबा पाचवी, तुम्ही पहिली

स्वातंत्र्यानंतर इंग्रजीचं काय करायचं, हा मोठा वाद झाला. बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई राज्यात मातृभाषेच्या शाळांमध्ये इंग्रजी आठवीपासून सुरू करायचं धोरण आलं. मागचा विचार रास्त होता. लहान मुलाची शक्ती परक्या भाषेत का घालवायची? पण कॉलेज आणि वरच्या नोकऱ्या इंग्रजीतच राहिल्या, त्यामुळे ज्यांना परवडलं ते इंग्रजी माध्यमाकडे वळायला लागले. १९५४ च्या जानेवारीत सरकारने आदेश काढला, की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी माध्यमात नवा प्रवेश नको. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्याच वर्षी तो आदेश टिकला नाही.

पुढे महाराष्ट्रात पाचवीपासून इंग्रजी आलं. तुमचे आई-बाबा मराठी शाळेत असतील तर त्यांची एबीसीडी बहुधा पाचवीतली. मग २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे आजोबांना आठवी, बाबांना पाचवी, तुम्हाला पहिली. सुरुवातीचं वय खाली खाली आलं.

पण पेपर? दहावीचा पेपर मुख्यतः लेखीच राहिला. तोंडी परीक्षेचे गुण आले, पण ते शाळेच्या हातात. आणि त्या गुणांकडे सगळे कसे बघतात, ते २०१९ साली उघड झालं. त्या वर्षी बोर्डाने भाषा विषयांचे शाळेकडचे २० गुण काढून टाकले. दहावीचा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. आरडाओरडा झाला आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. इतर कारणंही असतील, पण त्या चर्चेत मला एक गोष्ट खटकली. जो तो गुण परत मागत होता. ‘मुलांना बोलायला शिकवा’ असं म्हणणारा आवाज फार क्वचित कानावर पडला. तोंडी परीक्षा म्हणजे पास व्हायला मिळणारी टेकू, एवढाच तिचा अर्थ उरला होता.

तुमच्यापैकी काहीजण त्या २०१९ च्या बॅचचेच असतील. आता सांगा, दहा वर्षं इंग्रजी शिकूनही सलग दोन मिनिटं इंग्रजीत बोलायची वेळ कितीदा आली? मग स्पीकिंगमधले सहा ही तुमच्या बुद्धीची उंची कशी ठरेल? जे कधी विचारलंच नाही, त्याची तयारी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जगाचा पेपर कुणी काढला?

आता थोडं बाहेर जाऊ, कारण भाषेची परीक्षा नेहमी भाषा मोजण्यासाठीच असते असं नाही.

१८९७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने कायदा केला. बाहेरून येणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवायचा. कायद्यात कुठे ‘भारतीय’ असा शब्द नको, पण रोख मुख्यतः भारतीयांवरच. गांधीजी तेव्हा तिथेच वकिली करत होते. १९०१ साली ऑस्ट्रेलियाने त्याच धर्तीवर श्रुतलेखनाची परीक्षा आणली. कोणत्याही युरोपीय भाषेतले पन्नास शब्द अधिकारी वाचणार, तुम्ही लिहायचे. भाषा अधिकारी निवडणार! १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा अनेक भाषा येणारा लेखक तिथे पोचला. तो सरकारला नको होता, म्हणून त्याला चक्क स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत श्रुतलेखन घातलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि सरकारची नाचक्की झाली. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती. तिची तयारी करणं शक्यच नव्हतं, कारण ती नापास करण्यासाठीच बनवली होती.

दुसरीकडे, १९१३ साली केंब्रिजने परदेशी शिक्षकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. एकूण बारा तास! भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र, श्रुतलेखन, वाचन आणि संभाषण. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास. आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले तेच हे वर्ष.

अमेरिकेतली टोफेल १९६४ मध्ये सुरू झाली. ऐकणं, वाचणं, व्याकरण, शब्द, सगळं पर्याय निवडायचं. टोफेलमध्ये बोलणं प्रत्येकासाठी आलं ते २००५ मध्ये, इंटरनेटवरच्या परीक्षेबरोबर. म्हणजे इतक्या मोठ्या परीक्षेलाही ‘बोलून दाखवा’ म्हणायला चाळीस वर्षं लागली. ब्रिटिश बाजूला १९८० च्या ईएलटीएस परीक्षेतून १९८९ मध्ये आयईएलटीएस तयार झाली. त्यात समोरासमोर बोलणं हा वेगळा भाग आहे.

ऑस्ट्रेलियाच्या त्या जुन्या श्रुतलेखनात आणि आजच्या परीक्षेत एक मोठा फरक आहे. आज मोजपट्टी उघड आहे. बोलण्यात काय बघतात, ते छापून दिलेलं आहे. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार, प्रत्येकाला सारखं वजन. तुमचं मत बरोबर की चूक, याला मार्क नाहीत. गोऱ्यांसारखा ॲक्सेंट हवा, असंही कुठे नाही. समोरच्याला सहज समजलं पाहिजे, बस. दार अजूनही दारच आहे आणि त्याची फीही जड आहे. पण या कुलपाचा नकाशा तुमच्या हातात आहे. तो वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

मग तयारी कशी?

इतिहासातून मला ज्या युक्त्या दिसल्या, त्या आजच्या पेपराला लावून सांगते.

पहिली, ‘दर्पण’ची युक्ती. रोज एक बातमी निवडा. आधी मराठी वर्तमानपत्रात वाचा, मग तीच बातमी इंग्रजी वर्तमानपत्रात. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे नवे शब्द डिक्शनरी न उघडता जागच्या जागी उलगडतात. वाचनाच्या भागात साठ मिनिटांत चाळीस प्रश्न असतात. तिथे प्रत्येक शब्द कळणारा नव्हे, तर अनोळखी शब्दावर न अडखळता पुढे जाणारा जिंकतो. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नका.

दुसरी, तर्खडकरांची, पण दुहेरी. चांगल्या इंग्रजीतला आठ-दहा ओळींचा उतारा घ्या. आज त्याचं मराठी करा आणि मूळ उतारा झाका. दोन दिवसांनी तुमच्या मराठीवरून परत इंग्रजी करा आणि मुळाशी ताडून बघा. तुमच्या चुका तुम्हालाच दिसतील, आणि त्या बहुधा ‘मराठी’ चुका असतील. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ लावायची सवय नाही, म्हणून ते गळतात. ‘मला दोन भाऊ आहेत’चं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होतं. ‘तो म्हणाला की मी येईन’चं ‘ही टोल्ड दॅट आय विल कम’ होतं आणि येणारा माणूसच बदलतो. अशा चुकांची एक यादी करा. पंधरा-वीस नोंदींच्या पुढे ती सहसा जात नाही, कारण आपण त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा करतो.

तिसरी, आनंदीबाईंची. वाचणारं माणूस शोधा. लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात किमान २५० शब्दांचा निबंध असतो आणि त्याला पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट वजन असतं, म्हणून साठातली चाळीस मिनिटं त्याची. नेटवरचे तयार निबंध पाठ करू नका. परीक्षकांना ते ओळखू येतात. आठवड्यातून दोन निबंध घड्याळ लावून लिहा आणि एका माणसाला वाचायला द्या. मित्र, शिक्षिका, परदेशातली मावसबहीण, कुणीही. त्याला एकच प्रश्न विचारा, ‘माझं म्हणणं काय आहे, ते एका वाक्यात सांग.’ त्याला सांगता आलं नाही तर व्याकरणाच्या आधी विचार नीट करायला हवा. चुका दाखवायला आता एआय आहेच, पण ‘मला हे पटलं नाही’ म्हणणारं माणूसही हवं.

चौथी युक्ती आपल्या वारशात कमीच होती, म्हणून तिला जास्त वेळ. कान. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, सुमारे तीस मिनिटं, चाळीस प्रश्न. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन, सगळे उच्चार येतात. रोज एक मिनिटाचा तुकडा घ्या. ऐका आणि शब्दन् शब्द लिहा. मग लिखित रूपाशी जुळवा. ऑस्ट्रेलियाचं तेच श्रुतलेखन, पण आता तुमच्या बाजूने! जुळवलंत की तोच तुकडा बोलणाऱ्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. मराठीत आपण अक्षरं बऱ्यापैकी सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत शब्दातल्या एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे भाग दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या भागावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. हा जोर कळला की ऐकणंही सुधारतं आणि बोलणंही.

पाचवी, सभागृहाची. स्पीकिंग टेस्ट ११ ते १४ मिनिटांची असते. मधल्या भागात एक विषय देतात, विचाराला एक मिनिट, मग तुम्ही दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. रोज एक विषय घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. विषय आपल्या घरातले घ्या, कालिदास नाट्यगृहात बघितलेलं नाटक, मुलुंडची चाळ पाडून झालेला टॉवर, आजीची उन्हाळ्याची वाळवणं. जगाविषयी फार माहिती लागत नाही, जे माहीत आहे ते सलग सांगता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐका आणि फक्त तीन गोष्टी मोजा. कुठे अडखळलो, कोणता शब्द पाच वेळा आला, कोणतं वाक्य अर्धं राहिलं. मग तोच विषय पुन्हा बोला. आणि आठवड्यातून एकदा खऱ्या माणसासमोर बोला. आरशासमोर बोलून समोरच्याचे प्रश्न झेलता येत नाहीत.

हे सगळं कशासाठी, त्याचा हिशेब बघा. समजा ऐकण्यात ७.५, वाचण्यात ७, लिहिण्यात ६, बोलण्यात ६. सरासरी ६.६२५, म्हणजे बँड ६.५. आता बाकी काहीही न बदलता बोलण्यात ६.५ मिळाले, तर सरासरी ६.७५, आणि ती धरली जाते ७. फक्त अर्धा बँड! अनेक विद्यापीठं प्रत्येक भागात किमान गुण मागतात, तेही आधी बघून ठेवा. म्हणजे ज्याच्यात आधीच साडेसात आहेत त्याचीच मॉक टेस्ट विसाव्यांदा देत बसण्यात अर्थ नाही. आपल्याला तेच आवडतं, कारण तिथे मार्क दिसतात. पण वेळ घालायचा तो दुखऱ्या जागी.

शेवटी

मला विचाराल तर मराठी माध्यमाने तुम्हाला एक भाषा पूर्ण दिली आहे. विचार करायला, वाद घालायला, नेमका शब्द शोधायला तुम्ही तिच्यातच शिकलात. रामजी सुभेदारांच्या खोलीत तीच पायाला होती, कल्याणच्या घरातही तीच. राहिलं ते बोलणं, आणि ते शाळेच्या वेळापत्रकात फारसं नव्हतं. ते आता तुमच्या वेळापत्रकात घालायचंय.

तेव्हा आज रात्री एवढंच करा. फोनवर दोन मिनिटांचा टायमर लावा, आणि ‘माझ्या घरात इंग्रजी पहिल्यांदा कोण शिकलं’ या विषयावर इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा. त्यासाठी आधी आजी-आजोबांना फोन करावा लागला तर करा, मराठीतच. त्यांनी तर्खडकरांची पाठमाला घोटली होती का, आठवीत एबीसीडी शिकले का, मॅट्रिकला इंग्रजीने दगा दिला का, विचारा. जे सापडेल ते मला पाठवा. पुढच्या भागात तुमच्याच घरांतले किस्से घेऊन बसू. तोवर, ऐकत राहा, आणि या वेळी बोलतही राहा!